टिटवीचं पिल्लू

वैशाख अर्धा सरला की आमच्या तलावातला ओटा वर येतो. पाणी रोज थोडं थोडं मागे सरकतं. आधी कडेच्या बाभळीचा बुंधा मोकळा होतो, मग जुन्या विहिरीचा कठडा, आणि सगळ्यात शेवटी, अगदी तलावाच्या पोटात, खळ्याएवढा एक उंचवटा. परगावचा माणूस विचारतो, इथं देऊळ होतं का? कुणाची समाधी आहे का? मी सांगते, तो आमच्या गावानं एका पाखराला सोडलेला प्लॉट आहे. लोक हसतात. हसू द्यावं. मला त्या ओट्याचा जेवढा अभिमान आहे तेवढा माझ्या बी.ए.च्या पदवीचाही नाही, आणि ती पदवी मी लग्नानंतर, दोन लेकरं सांभाळून घेतली आहे.

काल सकाळी त्या ओट्यावर त्या पाखराची जोडी आली. मी तलावाच्या पाळीवरून, म्हणजे बांधावरून, शेताकडे निघाले होते, हातात डबा होता, तरी थांबले. मुठीत मावेल एवढा जीव. मातकट पाठ, पांढरं पोट, गळ्यात काळा पट्टा आणि डोळ्याभोवती हळदीची कड. तो चार पावलं पळतो आणि गपकन थांबतो. पुन्हा पळतो, पुन्हा थांबतो. त्याला ना बगळ्यासारखे उंच पाय, ना चिखलात खोल खुपसायला लांब चोच. चोच आखूडच, पण डोळे मोठे. पळायचं, थांबायचं, बघायचं आणि दिसलं की टिपायचं, एवढाच त्याचा संसार. कधी एका पायावर उभा राहून दुसरा पाय ओल्या चिखलावर थरथरवतो, मग खालचे किडे घाबरून हलतात आणि पकडले जातात. पाणकाठचा पक्षी म्हणवतो आणि पाण्यात घोट्याच्या वर कधी जात नाही. आमच्या गावातल्या निम्म्या पुरुषांचं पोहणं असंच आहे.

पुस्तकात त्याचं नाव चिखल्या. हे मला फार नंतर कळलं. आमच्या गावात त्याला नावच नव्हतं. म्हणजे होतं, पण चुकीचं. सगळे त्याला ‘टिटवीचं पिल्लू’ म्हणायचे. टिटवी मोठी, हा लहान. दोघंही पाण्याच्या कडेला पळतात. मग हा तिचं पिल्लूच असणार. वर्षानुवर्षं हे पिल्लू तेवढंच कसं राहतं, मोठं कधी होतं, हे कुणाच्या मनात आलं नाही. माझ्याही नाही. आलं ते अडचणीत सापडल्यावर.

माझं माहेर घाटाखालचं, शेगावच्या बाजूचं. आमच्याकडे जमीन म्हणजे काळी, खोल, कसदार. उन्हाळ्यात तिला भेगा पडल्या की लहानपणी मी त्यात हात घालायची आणि कोपरापर्यंत गेला तरी तळ लागायचा नाही. सासर मिळालं घाटावरचं. बीबीहून दुसरबीडकडे जाणारा रस्ता सोडून आत शिरलं की मुरूम सुरू होतो, आणि मुरूम संपतो तिथं आमचं शेत सुरू होतं, तेही मुरमाचंच. लग्नानंतर बाबा पहिल्यांदा शेत बघायला आले. वाकून त्यांनी मूठभर माती उचलली आणि बोटं उघडली तर हातात खडेच राहिले. त्यांनी हात धोतराला पुसला आणि म्हणाले, “वारा मात्र लय चांगला हाय बापा इकडं.” सासरच्या शेताचं काही कौतुक करायचं म्हणून त्यांना वाऱ्यापर्यंत जावं लागलं, हे माझ्या मनात काट्यासारखं राहिलं.

नवरा कंपनीत, संभाजीनगरला. शेत माझ्याकडे. मी त्या बरड जमिनीत शेणखत टाकलं, बांध घातले, दगड वेचले. दगड वेचून संपत नाहीत, दरवर्षी नवे वर येतात. तूर गुडघ्याएवढी होऊन थांबायची. पेरलं तेवढं परत आलं की आम्ही पेढे वाटायचो, असं मी गमतीनं सांगत असे.

आणि मग एका उन्हाळ्यात तलावाचा गाळ काढायचं ठरलं. पोकलेन मशीन आलं. मशीन गाळ भरून देणार, ज्याला हवा त्यानं आपापल्या ट्रॅक्टरनं शेतात वाहून न्यायचा. तलावाचा गाळ म्हणजे काय, तर चहूकडच्या शेतांतून वर्षानुवर्षं वाहून आलेली मलई. काळीशार, हातात घेतली तर लोण्यासारखी चिकटणारी. मी पहिल्या दिवशी पाळीवर उभी राहून बघितलं आणि मला माहेरची माती दिसली. वाटलं, आपल्याला घाटाखाली जायला नको, घाटाखालची जमीनच आपल्या शेतात येते आहे.

आमचं शेत नाल्याच्या पलीकडे, सगळ्यात लांब. म्हणून आमचा नंबर शेवटचा लागला. मी तक्रार केली नाही. रोज सकाळी पाळीवर, तिच्या उताराला बसवलेल्या दगडी पिचिंगवर जाऊन बसायची. दिवसभर ट्रॉल्या भरून वर चढायच्या आणि रिकाम्या होऊन खाली यायच्या. धुळीनं पापण्यांचे केस पिवळे व्हायचे. मशीन चालवायला दुसरबीडचे इरफानभाई होते. चाळिशीकडे झुकलेला, शांत माणूस. एवढं मोठं मशीन, पण बकेट ते अशी खाली टेकवायचे, जसा घरातली बाई झोपलेल्या लेकराशेजारी पाट ठेवते. नमाजाच्या वेळेला मशीन बंद करून बाभळीखाली जायचे, आणि अचानक सगळं इतकं शांत व्हायचं की कानात दडे बसायचे. त्या शांततेत टिटवीचा ओरडा ऐकू यायचा. टिटवी मोठी भांडकुदळ. माणूस दिसला की डोक्यावर घिरट्या घालून सगळ्या शिवाराला सांगणार, कोण आलं, कशाला आलं.

आमच्या गावात आखाजी, म्हणजे अक्षय्य तृतीया, झाली की एक काम यादवआबा करतात. आबा माझे चुलतसासरे. ते शिवार फिरून टिटवीची अंडी शोधतात. टिटवी घरटं बांधत नाही, उघड्या जमिनीवर अंडी घालते. ती उंचावर घातली तर पाऊस भरपूर, खोलगट जागी घातली तर पाऊस कमी. जीव लावायचा आहे त्याला पाण्यात कोण ठेवेल, असा त्यामागचा हिशेब. आबांनी पाहिलं की पारावर येऊन सांगायचं, आणि गावानं त्यावर बियाणं ठरवायचं. हवामानाचा अंदाज मोबाइलवर सगळे बघतात, पण आबांचं ऐकल्याशिवाय कुणी पिशवी फोडत नाही.

त्या वर्षी आबांना अंडी सापडली ती थेट तलावाच्या पोटात. ओढा येऊन मिळतो तिथं वाळू आणि बारीक खड्यांचा पट्टा होता, त्यात. डोक्यावर टिटवी किंचाळत होती, म्हणजे अंडी तिचीच. आबा काठी टेकत पारावर आले आणि त्यांनी सांगून टाकलं.

“यंदा काही खरं नाई. टिटवी पार तलावाच्या तयाले जाऊन बसली. पाणी येणार असतं तर बसली असती काय तिथं?”

दुसऱ्या दिवशी पाळीवर मी आणि टिटवी, दोघीच. एकही ट्रॅक्टर आला नाही. पाऊसच नाही तर तलाव भरणार नाही, मग तो खोल कशाला करायचा? आणि गाळ टाकलेलं शेत पावसाशिवाय टणक होतं, त्याच्या ढेकळांनी पीक आवळतं, त्यापेक्षा बरड बरी. लोकांचं गणित चुकीचं नव्हतं. ज्यांचा गाळ टाकून झाला होता ते तर हळहळायला लागले होते. इरफानभाई मशीनच्या सावलीत बसून डबा खात होते.

“भाभी,” ते म्हणाले, “मशीन अशी खाली उभी राह्यली ना, तर मालक दुसऱ्या गावाले हलवून देईन. सकायचाच फोन हाय त्याचा. मी काय करू?”

“माझा नंबर राह्यला ना भाऊ अजून!”

“मले माहीत हाय. पण एका ट्रॅक्टरसाठी पोकलेन नाई थांबत.”

मला असा संताप आला की काय सांगू. आबांवर रागावता येत नव्हतं, ते वडीलमाणूस. गावावर रागावून उपयोग नव्हता. उरली टिटवी. भर दुपारी, डोक्यावर पदर घेऊन, मी तिला जाब विचारायला तलावात उतरले. साऱ्या शिवारात तुला हीच जागा सापडली का मेले, एवढा लांबलचक बांध पडलाय, पाळ पडलीय! खरंच मोठमोठ्यानं बोलत होते. इरफानभाईंनी ऐकलं असणार, पण ते सभ्य माणूस, त्यांनी तोंड दुसरीकडे केलं.

खड्यांच्या पट्ट्याशी पोचले तर पायाजवळून ते ‘टिटवीचं पिल्लू’ निसटलं. थोडं पुढं जाऊन एकदम कोलमडलं. एक पंख जमिनीवर फरफटत, शेपूट पसरून, असं काही विव्हळायला लागलं की माझा राग पळाला. बिचाऱ्याचा पंख मोडला म्हणून मी त्याच्यामागे गेले. ते सरपटत पुढं, मी मागं. पार बाभळीपर्यंत नेलं त्यानं मला, आणि तिथं पोचल्यावर झटकन उडालं. पंख धडधाकट. मी उन्हात मूर्खासारखी उभी. घरी सासूबाई आजारपणाचं सोंग करतात तेव्हा मी लगेच ओळखते, इथं मात्र पुरती फसले.

दमून तिथंच बाभळीखाली बसले. आणि बसले म्हणून दिसलं. ते पाखरू डबक्याच्या काठाला गेलं, कडेच्या पाण्यात बसून पोट भिजवलं, पिसं ओली केली, मग पळत, थांबत, पळत, थांबत त्या खड्यांत आलं आणि अंगाखाली काहीतरी सारून बसलं. त्या उन्हात दगडावर भाकरी भाजली असती. ते आपल्या ओल्या पोटानं अंडी गार करत होतं. थोड्या वेळानं दुसरं तसंच आलं, गळ्यात तसाच पट्टा, पोट तसंच निथळणारं, पहिलं उठलं आणि ते बसलं. नवरा-बायकोची पाळी लावलेली. माझ्या घरात अशी पाळी कधी लागली नाही, हा विचार आधी आला. मग दुसरा विचार आला आणि मी उठूनच उभी राहिले. अंडी टिटवीची नव्हतीच! आणि टिटवी इथं बसली नाही, तर मग बसलीय कुठं?

टिटवीची अंडी शोधणं म्हणजे दगडांत दगड शोधणं. पण मला तिचा स्वभाव माहीत होता. मी रोज पाळीवर बसत होते, आणि ती सगळ्यात जास्त थयथयाट करायची तो मी सांडव्याच्या, तलाव भरला की जादा पाणी बाहेर पडतं त्या बाजूला गेले की. संध्याकाळी मी मुद्दाम तिकडे गेले. ती डोक्यावरून अशी झेपावत आली की पदर उडाला. जितका ओरडा वाढेल तितकी मी बरोबर, असं धरून वर चढत राहिले. पिचिंगच्या अगदी माथ्यावर, दोन दगडांच्या मधल्या सपाट जागेत, चार अंडी. काळपट ठिपक्यांची, मोठ्या लिंबाएवढी. मला नाचावंसं वाटलं. नाचले नाही, कारण पाळीवरून बैलगाडी चालली होती.

सकाळी आबांना घेऊन आले. ते यायला तयार नव्हते, मी म्हटलं, तुमच्याशिवाय दुसऱ्याच्या सांगण्याला गावात किंमत नाही. हे खरंच होतं. मागोमाग पारावरची रिकामी मंडळी तमाशा बघायला आली. आधी मी सगळ्यांना बाभळीखाली बसवलं आणि म्हटलं, गप बसा, बघा. चिखल्या पोट भिजवून आला आणि अंड्यांवर बसला.

“हे कोन बसलं आबा?”

आबांनी डोळ्यांवर हात धरला. “टिटवीचं पिल्लू दिसते.”

“आबा, पिल्लू कधी अंड्यावर बसते काय?”

कुणी तरी फिस्सकन हसलं. आबा हसले नाहीत. ते काठीवर हनुवटी टेकून त्या पाखराकडे बघत राहिले. मला भीती वाटायला लागली, की चारचौघांत म्हाताऱ्या माणसाचा अपमान केला की काय. मग ते काठी रोवून उठले.

“टिटवी कुठं हाय मंग?”

मी त्यांना हाताला धरून पाळीवर नेलं. टिटवीनं आमचं यथासांग स्वागत केलं. आबांनी ती चार अंडी वाकून, हात मागे बांधून पाहिली. अंड्याला हात लावायचा नाही हा त्यांचाच नियम. मग ते पाळीच्या माथ्यावर ताठ उभे राहिले, खालच्या मंडळींकडे तोंड करून, आणि त्यांचा तो पारावरचा आवाज लागला.

“अरे काऊन पाह्यता बे नुसते? डोये म्हातारे झाले माये, विद्या नाई झाली! टिटवी माथ्यावर हाय. सांडव्याच्याई वर. यंदा सांडवा वाह्यते का नाई पाहा! आना ट्रॅक्टर!”

मला पुष्कळ जण विचारतात, तू शिकलेली, तुझा टिटवीवर विश्वास आहे का? मी सांगते, पावसाचं मला माहीत नाही, माझा माझ्या गावावर विश्वास आहे. ते टिटवीचं ऐकून थांबलं होतं, ते टिटवीचं ऐकूनच हलणार. काट्यानं काटा काढावा लागतो. त्याला मी भाषण दिलं असतं तर मशीन निघून गेलं असतं आणि माझं भाषण बरड जमिनीत उभं राहिलं असतं.

दुपारपर्यंत ट्रॅक्टरची रांग लागली. आता पेच दुसराच पडला. मशीनला पुढं सरकायचं तर वाट त्या खड्यांच्या पट्ट्यावरूनच होती. इरफानभाईंनी इंजिन बंद केलं, खाली उतरले.

“भाभी, आता ह्याचं काय करू सांगा.”

मी काही बोलायच्या आत आबाच बोलले, “माही फजिती केली त्यानं भर गावात. पन अंडे हायेत बापा. तेवढी जागा सोडून काढ.”

त्या माणसानं जे काम केलं ते मी जन्मभर विसरणार नाही. त्यांनी खळ्याएवढी जागा आखली आणि तिच्या भोवतीनं खणत गेले. बकेट त्या कडेशी आली की हळू व्हायची. चिखल्या सुरुवातीला उडून जायचा, मग त्याला कळलं असावं, की हे पिवळं जनावर आपल्या वाटेनं जातं. ते गुरगुरत बाजूला खणायचं आणि हा अंड्यांवर बसून त्याच्याकडे बघायचा. मुठीएवढं पाखरू आणि हत्तीएवढं मशीन, दोघं शेजारी कामाला. तीन बाजू खणून झाल्यावर चौथ्या बाजूला इरफानभाईंनी उतार ठेवला. मी विचारलं, हा कशाला?

“पिल्लं उतरतीन कुठून? त्यांले का पंख राह्यतेत पहिल्या दिवशी?”

पिल्लं निघाली तो दिवस माझ्या शेताच्या नंबराचा होता. अशी गोष्ट मी रचून सांगितली असती तर मलाच खोटी वाटली असती, पण तसंच झालं. माझी पहिली ट्रॉली भरत होती आणि कुणीतरी शिट्टी वाजवली. मशीन थांबलं, ट्रॅक्टर थांबले. ओट्याच्या उतारावरून आई पुढं, आणि मागं कापसाच्या बोंडातून नुकतीच निघाल्यासारखी पिल्लं, काड्यांसारख्या पायांवर. पळायची, थांबायची. पळायची, थांबायची. अंगावरची ओल नुकती सुकलेली, आणि चाल मात्र थेट आईबापांची. तलावात उभ्या असलेल्या सगळ्या माणसांनी टाळ्या वाजवल्या. पिल्लं जागच्या जागी दबली आणि खड्यांत दिसेनाशी झाली, तेव्हा लोक हसले. मी रडत होते. धुळीनं डोळे चुरचुरतात असं कारण तयार ठेवलं होतं, पण कुणी विचारलंच नाही.

माझ्या शेतात गाळ पडला. ट्रॉलीमागून ट्रॉली, ढिगामागून ढीग. तो पसरल्यावर त्या मुरमावर काळी घोंगडी अंथरल्यासारखी दिसली. पाऊस त्या वर्षी चांगला झाला, सांडवाही वाहिला. टिटवीमुळे वाहिला असं आबा म्हणतात. मी वाद घालत नाही. माझी तूर माझ्या डोक्याच्या वर गेली आणि नवऱ्यानं सुट्टीत येऊन तिच्यात उभं राहून फोटो काढला, जणू त्यानंच वाढवली.

पण जिंकल्याचा दिवस तुरीचा नव्हता. तो मृगात, पेरणीच्या आधी येऊन गेला. जमीन ओली झाली होती. बाबा शेगावहून आले होते. आबा त्यांना मोठ्या थाटात शेत दाखवायला घेऊन आले, मी मागून. बाबा बांधावरून उतरले, वाकले, मूठभर माती उचलली. दाबली. बोटं उघडली तर मातीवर त्यांच्या पाची बोटांचे ठसे.  या वेळी त्यांनी हात धोतराला पुसला नाही.

“ही तं आपली माती हाय पोरी,” ते म्हणाले.

तेवढ्यात समोरच्या ओल्या गाळावर कुणीतरी पळालं आणि थांबलं. पळालं आणि थांबलं. गळ्यात काळा पट्टा. एक पाय काळ्या चिखलावर थरथरवला, मान तिरकी करून बघितलं आणि टिपलं काहीतरी. गावाला पटवायला टिटवी लागली होती, पण त्याला माझं शेत बघताक्षणीच पटलं होतं.

“हे पाह्य,” बाबा म्हणाले, “टिटवीचं पिल्लू.”

मी तोंड उघडलं, पण आबांनी काठी वर करून मला थांबवलं. छाती पुढं काढून, पारावरच्या आवाजात त्यांनी विचारलं,

“काहो पाहुने, पिल्लू कधी अंड्यावर बसते काय?”